धवल्याखाली माझं एकटीचं नाव

२ नोव्हें.
नातीने, नेहाने, धवल्यावर, म्हणजे आमच्या लग्नगाण्यांवर, लेख लिहून इंटरनेटवर टाकला. लग्नात आम्ही काय गातो, कधी गातो, सगळं मी सांगितलेलं. त्या साइटवर लेखाखाली नाव द्यावंच लागतं. दिलं माझं. फोटोत मी भांडायला निघाल्यासारखी दिसते.

५ नोव्हें.
बाजारात हिराने तोंड फिरवलं. जन्मभर आम्ही दोघी जोडीने गातो. मी ओळ उचलायची, तिने झेलायची. एकटीने धवला होतच नाही. नेहाला म्हटलं, हिराचं नाव घाल. म्हणते, एका लेखाला एकच नाव. मग असल्या जागी कशाला गेलीस मरायला?

८ नोव्हें.
हिराच्या सुनेने दुसरा लेख टाकला. विषय तोच, नाव हिराचं. चालतं म्हणे तिथे, खरा कुठला ते लोकांनी वाचून ठरवायचं. नेहाने वाचून दाखवला. 'ओळ मी उचलते, जोडीदारीण झेलते.' जोडीदारीण! नाव नाही. माझ्याही लेखात तिचं नाव नाही, पण मी विसरले. तिने मुद्दाम केलं.

११ नोव्हें.
वरच्या आळीतली लता आली. वीस तारखेला तिच्या मुलाची हळद. "मावशी, लेख दोन आहेत, मग बोलवायचं कुणाला?" आता मोबाइल बघून धवलारीण ठरवणार ही. म्हटलं, हिराला विचार. हिराने तिला परत माझ्याकडेच धाडलं.

१४ नोव्हें.
नेहा म्हणाली, आजी, तुझा लेख काढून टाकू? नको म्हटलं. नाव बघायला बरं वाटतं, खोटं कशाला लिहू. दुपारी पुन्हा वाचून घेतला.

१८ नोव्हें.
जेटीवर हिरा समोरच आली. म्हटलं, तुझ्या लेखातल्या फोटोत दात बरे दिसतात.
"नवे आहेत. तुझा फोटो पोलीस चौकीत लावायचा."
हळदीचं दोघींनीही काढलं नाही.

२० नोव्हें., रात्री
लताने शेवटी दोघींनाही बोलावलं. मधे एक बाई मावेल एवढी जागा सोडून बसलो. पोराला पाटावर बसवलं. मग दोघींनी एकदमच ओळ उचलली. झेलायला कोणी उरलंच नाही. बाया हसल्या. थांबलो. दुसऱ्यांदा तिने उचलली, मी झेलली. झेलायला दम जास्त लागतो, हे ती कधी बोलली नव्हती.
निघताना म्हणाली, "उद्या लग्नात तू उचल."
लेख दोन्ही आहेत तिथेच.