आमच्या गावचा हवाई हल्ला

आदरणीय आप्पासाहेबांना साहेबरावचा सविनय जयभीम.

आपली तब्येत, वहिनींचा गुडघा आणि सध्या आपल्याकडं मुक्कामाला आलेल्या आपल्या बहिणीचा पारा, तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा करतो. (करुणानं तिची बाजू तिखटमीठ लावून सांगितलीच असंल. आता मेहुण्याचीही ऐका, आपण न्यायी माणूस.)

तर झालं असं. कारगिलला लढाई पेटली आणि आमच्या तहसीलदारांनी गावात हवाई हल्ल्याचा सराव ठरवला. ग्राम सुरक्षा दलाचा प्रमुख मीच. भोंगा वाजला की सगळ्यांनी घरात शिरायचं, चूल विझवायची, आणि दलानं जखमी-मयत उचलायचे. जखमी व्हायला झुंबड उडाली, मरायला मात्र कुणी तयार होईना. शेजारची छबूबाई तर अंगावर आली, "मुडदा बशिवला तुजा, मलाच कशापायी मारतुस रं?" शेवटी प्रमुखानं घरापासून सुरुवात करावी म्हणून करुणालाच मयत नेमलं. शाळेपुढच्या लिंबाखाली चादर घालून निजवली आणि बजावलं, मी उठ म्हणेस्तोवर हलायचं न्हाय.

आता गावात भोंगा एकच, पाणी सोसायटीचा. (तो वाजला की पाटाच्या चारीला पाणी सुटलं, आणि जो आधी पोचला त्याचं रान आधी भिजलं, ही आमची जन्माची सवय.) त्यात पावसानं ओढ दिलेली, ऊस माना टाकून उभा. तहसीलदारांनी खूण केली, सोसायटीच्या रावजीनं भोंगा दिला, आणि अहो, घरात शिरायचं राहिलं बाजूला, घरात होते तेही खोरी घेऊन रानाकडं सुटले! जखमी सगळ्यात पुढं. चौकात तहसीलदार एकटे उभे. आणि प्रमुख म्हणाल तर गळ्यात शिट्टी, खांद्यावर खोरं, मीही बांधावर! चारी कोरडी ठाक बघितली तेव्हा ध्यानात आलं की भोंगा आपणच द्यायला लावला होता.

मग काय, सगळं गाव पोट धरून हसलं. कुणी शेंगा आणल्या, कुणी गूळ, बांधावर गप्पा रंगल्या. दिवस मावळता घरी आलो, चूल थंड बघितली, आणि मयत आठवली. पळत लिंबाखाली गेलो, तर करुणा तशीच पडलेली, अंगावर मुंग्या, चादरीचं टोक शेळीच्या तोंडात. मी "उठ" म्हणालो. ती उठली ती थेट एसटीत जाऊन बसली.

बाकी सगळं झकास हाय.

आपला मेहुणा,
साहेबराव

ता. क. : तहसीलदारांचा कागद आलाय. एवढ्या झपाट्यानं रिकामं झालेलं गाव त्यांनी तालुक्यात बघितलं नाही म्हणे. पंधरा ऑगस्टला इंदापुरात माझा सत्कार, आणि बोलावणं सपत्नीक हाय. तेवढं बघावं.

आणखी ता. क. : सत्कार गेला चुलीत. घर खायला उठतंय, आप्पासाहेब. करमत न्हाय तिच्याबिगर. तिला म्हणावं, पुढच्या सरावात मयत मी. ती उठवेस्तोवर हलणार न्हाय, मुंग्या चढू देत न्हायतर शेळी. फक्त त्या दिवशी खरंच पाणी सुटलं, तर कानात तेवढं सांग म्हणावं.