खोल पाण्यातलं घड्याळ

प्रिय दादा,

"पाणबुड्यांची घड्याळं जमवते आणि गुडघाभर पाण्यात उतरत नाही," असं म्हणून तू चारचौघांत माझी खिल्ली उडवायचास.

यंदा जुन्या धाटणीचं एक घड्याळ मी स्वतः जुळवलं. पिवळट काटे बसवले, नवा रबरी वॉशर घालून मागचं झाकण घट्ट आवळलं. ते बादलीत बुडवून तपासायला गेले, तेव्हा माझीच मला लाज वाटली. गुपचूप पोहण्याचा क्लास लावला.

आज ते मनगटावर बांधून तलावाच्या खोल बाजूला उडी मारली. नाकातोंडात पाणी गेलं, पण माझ्या. घड्याळाच्या काचेआड वाफेचा ठिपकासुद्धा नाही.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. घरी आलास की तू फक्त विचारायचा अवकाश, किती वाजले.

तुझी,
माजी भित्री भागूबाई