मावशी म्हणालो तो दिवस

माय, आपल्या अमरावतीच्या धावपट्टीचं आता खरं विमानतळ झालं आहे. काचेची दारं आहेत, गार हवेचा हॉल आहे, तान्ह्या लेकराला पाजायला वेगळी खोली आहे. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी चाकांच्या खुर्च्या आहेत, त्या माझ्या ताब्यात. कुणाच्या ना कुणाच्या आईला मी दारापासून विमानापर्यंत नेतो आणि तिला मावशी म्हणतो. म्हणताना जीभ अडखळते.

तू होतीस तेव्हा इथं एक खोली, तारेचं कुंपण आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी लांब कापडी नळी, एवढंच होतं. मी नवाच लागलो होतो. मुंबईहून कुणी मोठा माणूस उतरणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून उभा होतो. तू गावाहून मेथी विकायला आली होतीस. ती खपल्यावर अंबादेवीला गेलीस आणि माझ्या नोकरीच्या जागी फोडायला नारळ घेऊन थेट इथं आलीस. डांबराच्या काठाशी, देवळाबाहेर काढाव्यात तशा तू चपला काढल्यास. "लेकाच्या रोजीची जागा हाय, चपला घालून कशी येऊ मी?" मग त्या नळीकडे पाहून हसलीस. "बापू, थे धोतर कोनाचं वाळू घातलं रे?"

मला हसू येणारच होतं, तेवढ्यात मागून साहेब आले. "ही कोण?"

"भाजीवाली आहे, साहेब," मी म्हणालो आणि तुझ्याकडे वळलो. "मावशी, इथं थांबू नका. फाटकाबाहेर जा."

"हाव साहेब, चुकून आली मी." हे तू त्यांना म्हणालीस की मला, अजून कळलेलं नाही. चपला हातात घेऊन तापल्या मुरमावरून तशीच अनवाणी गेलीस.

त्या संध्याकाळी घरी ताटात भाकरी टाकताना तू म्हणालीस, "घ्या साहेब. अजून देऊ का?" आपल्याकडे माय लेकाला अहो-जाहो करत नाही. मी मान खाली घालून जेवत राहिलो. थोड्या वेळानं तूच विचारलंस, "बापू, साहेब तुले बोलले त नाही ना?" माफी मागायला तेवढी जागा तू करून दिली होतीस. मी "नाही" म्हणालो आणि हात धुवायला उठलो. पुढच्या वर्षी तू गेलीस. रोज अंबादेवीपुढे हात जोडतो, पण हे तिलाही कधी बोललो नाही. तिच्या दारचा नारळ तू न फोडताच परत नेलास, तिला ठाऊक असेलच.

पहिलं प्रवासी विमान उतरलं तेव्हा तुझी सून पाहायला आली होती. माझ्या सोबतच्या लोकांपुढे ती म्हणाली, "सासूबाईंची लय इच्छा होती यांच्या नोकरीची जागा पाहाची. राहूनच गेलं." सगळे हळहळले. एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हणालो, "हो, राहून गेलं."

हे लिहिलेलं घरी नेणार नाही, इथल्याच कपाटात ठेवतो. तुझ्या सुनेच्या हाती लागेल, अशी अजून भीती वाटते.