तिसरी स्लीव्ह

शहागड, ता. १७ ऑक्टोबर १९५६

चि. कडूबास दादाचे अ. उ. आ.

घरी सगळे बरे, ट्रॅक्टर सोडून. जुनाच तो, धूर ओकत होता, म्हणून तू जालन्याहून मोठे पिस्टन अन् ते ज्यात खालीवर होतात त्या लोखंडी नळ्या, तुझ्या स्लीव्ह, धाडल्या. तुला कारखान्यातून रजा न्हाई, मंग तुझ्या पत्रात लिहिल्याप्रमाणं मीच बसवल्या. त्याआधी खंडेनवमीला तुझ्या वहिनीनं सगळं सामान पाटावर मांडून, उघड्या इंजिनासकट, यथासांग पूजा केली. दसऱ्याला मशीन चालू झाली, अन् अर्ध्या वावरात धापा टाकून बसली. पाणी कमी होऊन राह्यलं अन् तेल चहासारखं पांढुरकं झालंय.

बैल तुझ्याच सांगण्यावरून विकले. शाळू पेरायचा राह्यला, ओल रोज खाली जाऊन राह्यली. पाठ धरलीय. रागावायचं बी त्राण न्हाई बाबा, तुझी मशीन तूच सांभाळ.

माया आहे तशी ठेव.
रामराव

जालना, ता. २० ऑक्टोबर

ती. दादांस कडूबाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं अन् जेवण गेलं न्हाई. रजा मागितली, मालक ऐकायलाच तयार न्हाई. तेल पांढरं म्हंजे आत पाणी चाललंय. एखादी स्लीव्ह बराबर बसली न्हाई. वरचं हेड उघडा अन् स्लीव्हच्या काठावर नख फिरवा. वर राह्यलेली नखाला अडेल, ती बाहेर काढा, तिची खालची बैठक रॉकेलनं पुसा, परत बसवा, तेल नवं घाला.

एक विचारतो. वहिनीनं उघड्या इंजिनात अक्षता तर न्हाई वाहिल्या? वाहिल्या असल्या तरी त्यांना बोलू नका. नट कसे आवळायचे ते बी मी लिहिलं, पर पूजेआधी इंजिन झाका हे न्हाई लिहिलं. गावचा असून सुचू नये, काय म्हणावं! बैलांचं तुम्ही लिहिलं ते मला रोज टोचतं.

लेकरावर राग धरू नये.
कडूबा

शहागड, ता. २७ ऑक्टोबर

चि. कडूबास अ. उ. आ.

तिसरी स्लीव्ह नखाला अडली. खाली हळदीचा तांदूळ, चेपून पापडी झालेला. तुझी वहिनी बाजूलाच उभी होती, तिनंच पाह्यला. मी शब्दानं बोललो न्हाई, तरी दोन घास कमी जेवली. म्हणाली, मशीनचं चांगलंच चिंतलं होतं की!

मशीन आता गुमान चालते. नदीकडचं रान पेरलं. वरचं कोरडं पडलं, ते यंदा तसंच राहील. जीव हळहळतो, पर इलाज न्हाई.

कडूबा, दरवेळी तू पान्यांची पिशवी घेऊन येतोस, इंजिनाखाली शिरतोस अन् हात बी न पुसता परतीच्या मोटारीत बसतोस. दोष माझा बी आहे, मी बोलावतोच मशीन बिघडली म्हंजे. दिवाळीला पिशवी तिकडंच ठेव. मशीनचं काही झालं तरी तुला दाखवणार न्हाई. तू नसलास की घास गोड लागत न्हाई, हे बैलांच्या रागात लिहायचं राहून गेल्तं.

बाकी काय लिहू, ये.
तुझा दादा