बिनफटीचं कपाट

३ फेब्रुवारी

चि. भुंगाबाई हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पूर्वी घरातली घड्याळं फुकटात पोखरायचीस, आता परगावी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या टेबलावर बसून पगारी पोखरणं चाललं आहे, हे ऐकून बरं वाटतं. पत्र टाकायचं कारण असं की ई-मेल लिहायला बसलं की घरचा कॉम्प्युटर अर्ध्या वाक्यात गोठतो, आणि फोनवर तुझी आई मला पहिलं वाक्यही पुरं करू देत नाही. कागद तेवढा माझं निमूट ऐकतो.

तर कॉम्प्युटर. चालता चालता चित्र जागच्या जागी थिजतं, बाण हलत नाही. बंद करून पुन्हा लावावा, तर थोड्या वेळानं आपणहून मान टाकतो. नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं एकदा मेमरी बदलली, एकदा सगळं पुसून नव्यानं भरलं. त्याच्या दुकानात तो शहाण्या बाळासारखा चालतो. घरी आणला की पहिले पाढे पंचावन्न. गंमत म्हणजे मी बसलो तर काही तक्रार नाही. तुझी आई आपल्या सुतारी कारखान्याची अंदाजपत्रकं टाइप करायला बसली की मेलाच. मी तिला म्हटलं, तुझा हात जड आहे. तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं.

आता खरी काळजी. त्या कॉम्प्युटरसाठी मी केलेलं कपाट तू पाहिलेलं नाहीस. खालच्या कप्प्यात सीपीयू, वर पडदा. दारं मिटली की सांध्यात पोस्टकार्ड शिरत नाही, मी घालून पाहिलं. भुशाच्या कणाची आत जायची छाती नाही. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई बाकांचं विचारायला आल्या आणि कपाट बघून तिथंच बसल्या. त्यांच्या कॉम्प्युटरच्या अख्ख्या खोलीला अशीच कपाटं हवीत म्हणाल्या. महिनाअखेर चालत्या कॉम्प्युटरसकट बघायला येतील, मग ऑर्डर पक्की. आजवर माझी कपाटं दुसऱ्यांच्या दुकानांतून दुसऱ्यांच्या नावानं विकली गेली. एवढं मोठं काम माझ्या नावानं जाण्याची ही पहिली वेळ. फळ्या कापून तयार आहेत. त्या दिवशी यंत्र बंद पडलं, तर कपाटाचीही शोभा जाईल. बिघाड काय ते कळव.

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नकोस.

तुझा,
बाबा

१० फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या वर्कशॉपात बहुतेकांची रीत अशी की एकेक भाग बदलत जायचं, कधीतरी बरोबर लागतोच. मी आधी विचारपूस करते, म्हणून मला डॉक्टरीणबाई म्हणून चिडवतात. त्यामुळे आता तुमची तपासणी. जे यंत्र दुकानात चालतं आणि घरी बिघडतं, त्याचं दुखणं यंत्रात कमी आणि घरात जास्त असतं.

आई बसली की शेजारी बसा. पडद्याकडे बघू नका, ऐका. पलीकडच्या खोलीतून करवतीचं पातं बोथट झालेलं तुम्हाला कळतं, ते कान इथं लावा. गोठण्याआधी तो काही बोलतो का? आणि तुम्ही बसता तेव्हा आणि आई बसते तेव्हा काय वेगळं असतं, हे तिलाच विचारा. तुमचं उत्तर मी धरणार नाही, तुम्ही फिर्यादी आहात. तोवर दुरुस्तीवाल्याला पुन्हा बोलावू नका.

मी मजेत. जेवण वेळेवर होतं, हे आईला न विचारता सांगते. लोभाचा पुरवठा चालू असावा.

आपला,
भुंगा

१५ फेब्रुवारी

चि. भुंगाबाई हिस, अ. आ.

कान लावला. आधी बारीक गुणगुण, सरळ फळीवर रंधा चालावा तशी. मग आवाज चढत गेला. गाठीत अडकल्यावर करवत रडते ना, तसा. आणि चित्र थिजलं. आतला पंखा जीव तोडून फिरतो आहे हे मला कळलं, का फिरतो ते तू सांग. बाकी वेगळं काही नाही. तीच खुर्ची, तेच कपाट. खालची जागा तुझ्या आईला सोडतो, नाहीतर ती पाकीट चिकटवू द्यायची नाही.

— बाबा

चि. भुंग्यास आईचे आशीर्वाद. माझा हात जड म्हणे. इतकी वर्षं यांची बिलं याच हातानं लिहिली, तेव्हा तो फुलासारखा होता. वेगळं म्हणशील तर एवढंच, की हे बसतात ते दारं सताड उघडी टाकून, कारण येणाऱ्याजाणाऱ्याला आतले सांधे दाखवायचे असतात. मी बसते ती खालची दारं घट्ट लावून. यांच्या कपड्यांबरोबर भुसा घरभर येतो, आणि झाडायचा मला. हे तुझ्या काही कामाचं नसेल, पण मन मोकळं झालं. तब्येतीला जप.

२० फेब्रुवारी

ती. बाबांस आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहून फाडलं आणि पुन्हा लिहिलं. आई, तुझा हात निर्दोष. उत्तर तुझ्याच ओळींत होतं. बाबा, रागवायच्या आधी शेवटपर्यंत वाचा.

यंत्र धडधाकट आहे, त्याला फक्त धाप लागते. चालताना ते तापतं, आणि पंखा गरम हवा बाहेर फेकतो. दारं मिटलेली असली की ती हवा जाणार कुठं? तीच फिरून आत ओढली जाते. मग ते इतकं तापतं की आधी अडखळतं आणि शेवटी स्वतःला वाचवायला बंद पडतं.

फट म्हणजे सुताराची लाज, हे ऐकत मी मोठी झाले. तुमच्या कामात लाजेला जागा कधी सापडली नाही, आणि नेमकं तेच इथं नडलं. कपाट वाईट नाही, गरजेपेक्षा चांगलं आहे. खात्री करायची तर अदलाबदल करा: आईनं दारं उघडून बसावं, तुम्ही लावून. पटलं तर सोबत नकाशा आहे. कपाटाच्या पाठीला खाली लांबट खाचा, थंड हवा यायला. वर तशाच, गरम हवा जायला. फळ्या कापून झाल्यात हे मला ठाऊक आहे. पण शाळेत कुणी दारं उघडून सांधे दाखवत बसणार नाही. तिथं ती मिटलेलीच राहतील.

रागावलात तरी चालेल, पण लोभ आवरता घेऊ नये.

आपला,
भुंगा

२ मार्च

चि. भुंगाबाई हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

इतके दिवस उत्तर नाही, म्हणजे तू काय ते समजलीच असशील. पटाशी सरळ धरता येत नव्हती ती पोर मला पाठीला खाचा पाडायला सांगते, असं मी घरभर बोलून घेतलं. तुझ्या आईनं दारं लावली आणि मला खुर्चीत बसवलं. अंदाजपत्रक निम्म्यावर आलं आणि माझ्या बोटांखाली चित्र गोठलं. दार उघडून आत हात घातला, तर भट्टी. दुसऱ्या दिवशी ती दारं उघडून दिवसभर टाइप करत होती, आणि हात बेताचा पडतोय ना, असं मधूनमधून मला विचारत होती.

आपला पॉलिशवाला म्हणाला, बाई येतील तेव्हा दारं उघडी ठेवा आणि ऑर्डर घ्या. पुढं यंत्रं बंद पडली तर शिव्या कॉम्प्युटरवाला खाईल, सुताराला कोण विचारतं? सल्ला पक्का होता. खोटं कशाला सांगू, एक अख्खी संध्याकाळ मला तो आवडलाही. पण कपाटं माझ्या नावानं जायची होती. शेवटी माझ्या हातचं सगळ्यांत देखणं काम मी माझ्याच हातानं कापायला घेतलं. पहिल्या खाचेची रेघ दोनदा आखली. पुढच्या सरळ गेल्या.

बाई आल्या. त्यांच्यासमोर दारं लावली, त्यांनाच टाइप करायला बसवलं आणि कपाट फिरवून त्याची पाठ दाखवली. आधीची पाठ जास्त शोभत होती म्हणाल्या. मी सरळ सांगितलं, शोभत होती, पण तिच्यात तुमची यंत्रं गुदमरली असती. कुणी शोधलं असं विचारलं. मुलीनं, म्हटलं, परगावी बसून, यंत्राला हात न लावता. त्यांनी तुझा नकाशा हातात घेतला आणि चष्मा पुसून बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, नवा नकाशा शाळेच्या समितीपुढं ठेवावा लागेल, काम पुढच्या सत्रावर जाईल. आणि खाचा कशासाठी ते समजावायला तुम्ही येऊ नका, मुलीला पाठवा.

त्या गेल्यावर पॉलिशवाल्यानं विचारलं, काम लांबलं तरी मालक छाती काढून का फिरतायत. मी तुझा नकाशा त्याच्यापुढं धरला.

लोभ असू द्यावा, आणि रजेचा अर्ज आजच टाकावा.

तुझा,
बाबा