डोळे मिटल्यावर येणारी बोट

अलिबाग,
८ जानेवारी २०२५

चि. सौ. मनालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबांचा फोन आला होता. माझ्या कानांचं तुला ठाऊकच आहे, म्हणून शेजारच्या संपदाने ऐकून मला खुणांनी सांगितलं. आत्मारामची बोट मे महिन्यात गेली ती परत आलीच नाही. बोटीवरच्या बाकी सगळ्यांच्या घरी विधी झाले आणि आपल्याच घरात सून देहाऐवजी दर्भाचा पुतळा जाळू देत नाही, म्हणून बाबा चिडलेत. मी त्यांना कळवलंय की तिच्या मागे लागू नका. तुझा तो नवरा, पण माझाही पाठचा भाऊ आहे. त्याच्या नावाने पुतळ्याला अग्नी दिलेला मलाही बघवणार नाही.

पण अगं, जेवण टाकून दिवसभर समुद्राकडे तोंड करून बसायचं, हे कुठवर? नाही म्हणू नकोस, आईनेच चुगली केलीय. आमचे हे गेले तेव्हा मी भिंतीशी बोलायचे. ध्यानाने मला माणसांत आणलं. आत एक जागा असते मनाली, तिथे काही हलत नाही. ती सापडली की माणूस बुडत नाही. शब्द चुकला बघ, पण लिहिलाय तर राहू दे.

केबिन रोडच्या बाजारात तुझी मासळी विकून संपली की दुपारी तिथेच एखादा योगाचा क्लास शोध. श्वासावर लक्ष ठेवायचं. तिथे मन ठरत नसेल तर देवाचं नाव धर, नाहीतर एखादा आवडता आवाज धर. मन शांत झालं की विधीचं ठरव, त्याआधी नको.

रागावलीस तरी चालेल, पण दोन ओळी टाक आणि लोभ आहे तसा असू दे.

तुझी,
हंसाताई


डोंगरी,
२० फेब्रुवारी २०२५

ती. हंसाताईंना मनालीचा सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं बरं का. केबिन रोडला शिवांगीबेनचा क्लास हाय, तिथे नाव घातलं. बहुतेक बायका गुजराती-मारवाडी. माझ्या हातांना मासळीचा वास, म्हणून दोन्हीकडच्या चटया हळूच लांब सरकतात. मला काय, पाय पसरायला ऐसपैस जागा! शिवांगीबेन मात्र भली बाई. हिंदीत समजावते, की विचार आला तर हाकलू नका, पण त्याला ताट वाढून बसवू पण नका.

देवाचं नाव काही टिकेना. मग मी ह्यांच्या बोटीच्या इंजिनाचा आवाज धरला. किनाऱ्याला कितीही बोटी लागू देत, मी घरातूनच ओळखायचे आणि चहा ठेवायचे. आणि ताई, तो ऐकू आला! डोळे मिटले की आधी इंजिन, मग ह्यांचा खोकला, मग दोर फेकताना कुणाला तरी घातलेली शिवी. कोण म्हणतं माणूस गेला? गेलेल्याचं इतकं साफ ऐकू येतं होय?

आता मी घरी पण पहाटे बसते. आई दाराशी बसून राहतात. मी डोळे उघडले की विचारतात, की आला का गं आवाज. आला म्हटलं की त्या दिवशी पोटभर जेवतात. मी पण जेवते. बाबांना सांगून टाकलंय, की पुतळ्याचं नाव काढायचं न्हाय.

सुके बोंबील बांधून ठेवलेत, तिकडे येणारं कुणी मिळालं की पाठवते. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
सौ. मनाली


अलिबाग,
३ मार्च २०२५

चि. सौ. मनालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

काय गं वेडाबाई, ध्यान म्हणजे काय हाक मारायचं साधन आहे? आवाज म्हणजे दाराची कडी. ती धरून दार उघडायचं आणि आत जायचं. तू कडी धरून उंबऱ्यातच बसलीस. बसणं सोडू नकोस, पण त्याला बोलावू नकोस. आवाज आपोआप विरळ होईल, त्याला होऊ दे. त्याच्या मागे जे आहे, ते खरं तुझं आहे.

एवढं शहाणपण शिकवलं, आता एक विचारू? त्याचा खोकला अजून तसाच येतो का गं? कान गेल्यापासून मला कुणाचेच आवाज आठवत नाहीत. तुझं पत्र वाचून मी पण बसले होते. काही आलं नाही.

तब्येत सांभाळ आणि म्हातारीवर जीव लावतेस तसाच माझ्यावरही लाव.

तुझी,
हंसाताई


डोंगरी,
१९ एप्रिल २०२५

ती. हंसाताईंना मनालीचा सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणालात तसंच झालं. आधी खोकला गेला, मग शिवी, मग इंजिन. मी लई धडपडले. दुसऱ्यांच्या बोटी आल्या की मुद्दाम जेटीवर जाऊन कान देऊन उभी राहायचे, घरी येऊन लगेच डोळे मिटायचे. न्हाय आला. क्लासमध्ये मी तासभर दगडासारखी बसले, तर शिवांगीबेनने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, की हे मिळायला लोकांची वर्षं जातात. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

ताई, तुमची ती जागा मला सापडली. खोटं कशाला बोलू, ती वाईट न्हाय. थंड हाय, साफ हाय, तिथे खरंच काही हलत न्हाय. पण तिथे ते न्हायत. समुद्रात सापडले न्हायत, तिथे पण न्हायत. मला रडायचं होतं तर रडू येईना. तुमच्यावर रागवायचं होतं, तर राग पण येत न्हाय. ही असली शांती मी मागितली होती का हो?

आईंना मी काही दिवस आला, आला म्हणत राहिले. मग एका पहाटे ते तोंडातून निघेचना. म्हटलं, आई, न्हाय येत आता. वाटलं, ऊर बडवून घेतील. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि बाबांना सांगितलं, की भटजींना दिवस विचारा. मी पण हो म्हटलं. २८ तारखेला, सोमवारी विधी हाय. तुम्ही या. तुमच्याशिवाय पुतळ्यासमोर उभं राहवणार न्हाय.

आज पहाटे आईंनी माझ्या चटईशेजारी गोधडी टाकली. गुडघे वळत न्हायत, म्हणून भिंतीला टेकून बसल्या. मग म्हणाल्या, की त्यांना रोज पहाटे इंजिन ऐकू येतं. त्यांना वाटायचं आपल्याच कानांना भास होतोय, पण मी आला म्हणायचे म्हणून त्या खरं धरून चालल्या होत्या. आज पण आलं, म्हणाल्या. आणि माझा हात धरून विचारलं, की ते न ऐकायचं कसं, तेवढं मला शिकव.

मी शिकवतेय. सोमवारच्या आत या, आणि आम्हा दोघींना अंतर देऊ नका.

तुमची,
मनाली