हिरड्यांची तीन कोटेशनं

कोपरखैरणे, डिसेंबर १९९८

तीर्थस्वरूप अक्काच्या चरणी धाकट्या नंदूचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे या खेपेचा खुर्चीतूनच). तुझा गुडघा, भाऊजींचा खोकला आणि नुकतीच व्यायलेली गाय, तिघांचीही खुशाली कळव. इकडे आम्ही मजेत. मजेत म्हणजे, तुझ्या भावाविरुद्ध कट शिजतोय.

गेल्या महिन्यात पेरू खाताना फोडीला रक्त लागलं. ते वैजयंतीने पाहिलं (माझ्या सदऱ्यावरचा चहाचा थेंबही तिला स्वयंपाकघरातून दिसतो) आणि मला सेक्टरातल्या दातांच्या डॉक्टरकडे पिटाळलं. त्याने हिरडीत टोकदार आकडी घालून पायरिया झाल्याचं सांगितलं. इथवर ठीक. मग हळूच विचारतो, "जिना चढताना धाप लागते का? छाती भरून येते का?" अक्का, मी दात दाखवायला गेलो होतो! म्हणे हिरडी सुजून राहिली की तिथले जंतू रक्तात उतरतात, आणि हृदयाकडे जाणाऱ्या नळ्या आतून कडक होण्याशी त्याचा संबंध असावा, असं परदेशातले डॉक्टर आता म्हणू लागलेत. तेव्हा हिरड्या साफ करून घ्या आणि एकदा हृदयवाल्यालाही दाखवा. आता हा हृदयवाला बसतो कुठे? त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर! मी उभा जन्म तुर्भ्याच्या कारखान्यात परचेस खात्यात काढलाय. एक दुकानदार आपणहून दुसऱ्याचं कार्ड देतो तेव्हा आत काय असतं, हे मला कुणी शिकवायला नको.

म्हणून खात्याच्या शिस्तीप्रमाणे आणखी दोन कोटेशनं घेतली, एक वाशीला आणि एक सीवूड्सला. (एकाजवळ दुसऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. वाशीला तर नावही साडूचं सांगितलं.) तिघांचं उत्तर एकच. पायरिया, सफाई, हृदय. आमच्याकडे तीन पार्ट्यांची कोटेशनं इतकी जुळली की साहेब फाईल बाजूला सारून विचारतात, हे तिघे चहाला कुठे भेटले? मीही तेच विचारतोय, तर वैजयंती म्हणते तुमचं डोकं तपासा.

शेवटी कारखान्याच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांना पगार असतो, कमिशन नाही. ते म्हणाले, "संबंध दिसतोय नंदकुमार, पण एकामुळेच दुसरं होतं असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही." मी खूश होऊन उठलो, तर मागून म्हणतात, "पण तुम्ही दाखवून या." म्हणजे तेही फितूर!

घरात मात्र झडती माझीच. आमची लिफ्ट बंद आहे, त्यामुळे मी दुसऱ्या मजल्यावर जरा थांबून सोसायटीची नोटीस वाचतो. काल वैजयंती म्हणाली, "अहो, तुम्ही रोज तीच टाकी धुण्याची नोटीस वाचता. ती टाकी धुऊन महिना झाला." (सोसायटीच्या कारभारात लक्ष घालणाऱ्या माणसावर असा संशय घेणं शोभतं का?) मी निक्षून सांगितलंय, त्या हृदयवाल्याच्या मजल्यावर मी पाय ठेवणार नाही.

सर्वांना नमस्कार, वासराला खाजव.

तुझा नंदू

ता. क. : हिरड्या साफ करून आलो. रक्त थांबलंय. (तरी त्यांचं म्हणणं मी मान्य केलेलं नाही.)

आणखी एक ता. क. : अक्का, मला भीती वाटते गं. नाना गेले तेव्हा मी वसतिगृहात होतो, तू घरी होतीस. छातीत कळ आली आणि तासाभरात संपलं, एवढंच आईने मला सांगितलं. सकाळी पडवीच्या कडेला ते चूळ टाकायचे, त्यात लाल दिसायचं का? तुला मला काही विकायचं नाही, म्हणून तुला विचारतोय. फक्त "नाही" असं लिहून पाठवू नकोस, माझा विश्वास बसणार नाही. तूच ये. हृदयवाल्याची वेळ मी तुझ्या एसटीच्या हिशोबाने घेऊन ठेवलीय.